चाकावरचा बाण

१९ जुलै, शनिवार

आज रेश्मा हसली. सगळं तिथंच बदललं!

मी राहून काम करतो त्या सुनीलभाऊंच्या शेडमध्ये सात जुने ट्रॅक्टर आहेत, पण जर्मन हा एकच — बुलडॉग. एका सिलिंडरचा, बैलाएवढ्या नाकाचा. भाऊंचे आजोबा साखर कंपनीच्या शेतावर हा चालवायचे. कंपनीनं भंगारात काढला तेव्हा म्हाताऱ्यानं ओढत सोनईला आणला, आणि मग तो बाभळीत पडला तो पडलाच. पिस्टन गंजून असा चिकटला होता की डिझेल ओतून, लाकडी ठोकळा ठेवून घण मारत बसलो, तेव्हा कुठं शिमग्याच्या सुमारास हलला. एवढा वेळ कॉलेजात पुस्तकात डोकं घातलं असतं तर... जाऊ दे. तिथं सरांच्या अंगावर जर्नल फेकून आलोय. परत जायचं तोंड नाही, इच्छा पण नाही.

याला सेल्फ नाही, हँडल नाही. आधी ब्लोलॅम्पनं नाक तापवायचं, लाल होईपर्यंत. मग स्टेअरिंगच उपसून काढायचं, इंजिनच्या बाजूच्या मोठ्या चाकात खोचायचं आणि झोका द्यायचा. ज्यानं वळवायचा त्यानंच चालू करायचा! आज तिसऱ्या झोक्याला त्यानं धरलं. धडाम् — धडाम् — धडाम्. शेडचे पत्रे हलले. मी उडी मारून बसलो, पुढचा गिअर टाकला, क्लच सोडला —

आणि गडी मागं! सरळ कडब्याच्या गंजीत!

रेश्मा भाऊंची एकुलती एक. कॉलेजातून येऊन फाटकात उभी होती. पोट धरून खालीच बसली. "अगं बाई, ह्याला तर पुढं यायची लाजच वाटती!"

माझं डोकं फिरलं. पाना भिरकावला. ती आणखीच हसली. मग मला पण हसू आलं. कधी येतं मला असं?

तिला सांगितलं — हे इंजिन सुलटं पण पेट घेतं, उलटं पण. उलटं फिरलं की पुढच्या गिअरवर पण मागंच जातं. आवाज तोच. कानाला कळत नाही, चाक कुणीकडं फिरतंय ते डोळ्यानं बघायचं. उलटं असलं तर तेल कमी करत आणायचं, मरायला टेकलं की झटक्यात वाढवायचं, मग सुलटं होतं.

"एवढं म्हाईत हाय, तर बघितलं का न्हाईस?"

तुझ्याकडं बघत होतो! — हे म्हणालो नाही. इथं लिहिलं.

२१ जुलै

रेश्मा पांढरा ऑइलपेंट घेऊन आली. इंजिनच्या बाजूच्या चाकावर वीतभर बाण काढला, सुलट्या बाजूला तोंड करून. बुलडॉगचं ते चाक सावकाश फिरतं, बाण कुणीकडं धावतोय ते दिसतं.

"आता आंधळ्यालाबी दिसंल," म्हणाली. नाकाला पेंट लागला होता. सांगितलं नाही. तसाच घेऊन घरात गेली!

२८ जुलै

आईचा फोन. "कल्याण, मुकादम इचारायलाय. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीत तुझं नाव घालू का? का अजून त्या लोखंडालाच कवटाळून बसनार हायेस?"

फोन कट केला. मग वाईट वाटलं. परत लावला तर तिनं उचलला नाही. माझीच आई!

३ ऑगस्ट

भाऊंशी भांडण. त्यांना बुलडॉग लाल करायचाय. चकाचक, मेटॅलिक. "पोळ्याला वेशीतून सगळ्या बैलांच्या पुढं काढायचा हाय मला. लांबनं दिसला पायजे!"

मी म्हणालो, मडगार्डच्या आत खरवडून बघा, मूळचा निळा रंग अजून शाबूत आहे. लाल करायचा असेल तर दुसरा माणूस बघा. आवाज चढलाच माझा. हातात खरवडणी होती ती टिनावर आपटली.

रेश्माची आई, काकू, दारातून ओरडल्या, "कल्याण, भाकरी गरम हाय तवर ये. भांडण काय पळून जात न्हाई!"

जेवताना काकू वाढत होत्या. शेवटी भाऊच म्हणाले, "कर बाबा निळा. आन् पोळ्याला वेशीतून तूच काढायचा. तुझ्याशिवाय हे जनावर कुनाचं ऐकतंय?"

तूच काढायचा! रेश्मानं ताटावरनं वर बघितलं. मी चौथी भाकरी खाल्ली, भूक नसताना.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

पहाटेच्या गाडीनं नगरला पळालो. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडं पिस्टनच्या रिंगांचं काम आहे असं सांगून. तो सणाला बंद आहे हे मला माहीत होतं. न जाणो, काकू म्हणाल्या असत्या, "बांध गं कल्याणला पण" — मग काय करायचं माणसानं?

सावेडीला एका मित्राच्या खोलीवर दिवसभर पडून राहिलो. त्याच्या मनगटावर पाच राख्या. माझं मोकळं. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

१० ऑगस्ट

"काल कुठं गेल्तास?"

"रिंगा आणायला."

"आनल्या?"

"बंद होतं."

रेश्मा चाकावरचा बाण फडक्यानं पुसत होती. बाण स्वच्छच होता. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी काय बांधनार नव्हते."

बस. एवढंच म्हणाली. दिवसभर एक काम धड झालं नाही. नट पिळून तोडला.

१४ ऑगस्ट

पोळ्याला पाव्हणे येणार आहेत. राहुरीकडचे. रेश्माला बघायला.

भाऊंनी अगदी सहज सांगितलं, ग्रीसचा डबा माझ्या हातात देताना. "सन बी व्हईल, बघनं बी व्हईल. मुलाला जुन्या गाड्यांचा लई नाद हाय म्हणं. आपला बुलडॉग बघितला की गार पडंल."

म्हणजे याच्यासाठी घासतोय मी!

त्या मुलाचं नाव पण सांगितलं त्यांनी. इथं लिहिणार नाही.

१५ ऑगस्ट

रेश्मा दिसली नाही. शेडकडं आलीच नाही.

१७ ऑगस्ट

जेवलो नाही. काकूंनी ताट शेडमध्ये आणून ठेवलं, वर परात झाकली.

१८ ऑगस्ट

शेवटी विचारलंच. रेश्मा गव्हाणीत पेंड टाकत होती. "तुला बघायला येणारेत. तू काय म्हणणार?"

"पोळा होऊ दे."

"म्हणजे?"

"म्हंजी पोळा होऊ दे. सारखं फुरफुरत जाऊ नकोस बैलावानी."

काय अर्थ घ्यायचा याचा? हो की नाही? निळ्या रंगाचा शेवटचा हात देताना ब्रश दोनदा हातातून पडला. मला वाट बघता येत नाही. कधीच आली नाही.

२१ ऑगस्ट, खांदेमळणी

संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावलं. भाऊंकडं आता एकच जोडी राहिलीय, तीही म्हातारी, कामाला नाही. काकूंच्या हट्टापायी सांभाळलीय. पाव्हण्यांना बैल समोर दिसावेत म्हणून भाऊंनी जागा बदलायला सांगितली. शेडमागची कडब्याची गंजी मी हलवली आणि तिथं, बुलडॉगच्या मागं, दगडी गव्हाण मांडली.

काकू बैलांच्या कानात म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." रेश्मानं उरलेलं हळद-तूप घेतलं, बुलडॉगच्या मडगार्डला चोळलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या!" बघत माझ्याकडं होती.

भाऊ हसले. "रंग खराब करशील गं!"

मी हसलो नाही. माझे कान तापले होते.

२२ ऑगस्ट, पोळा

नीट लिहायचं आहे. जमेल तेवढं.

सकाळपासून माझे हात चांगले चालले होते. बुलडॉग धुतला, झेंडूच्या माळा घातल्या. काकू बेगड घेऊन आल्या. "ह्याला शिंगं न्हाईत, मग लावू कुठं?" शेवटी धुराड्याला गुंडाळला. छान दिसत होता.

पाव्हणे दुपारी आले. कांदेपोहे, चहा, बघणं — सगळं आत. मी बाहेर ब्लोलॅम्प भरत होतो. मग सगळे शेडकडं आले. तो पुढं होता. पांढरा शर्ट, केसांना जेल. भाऊंनी ओळख करून दिली, "हा कल्याण. पाथर्डीचा. ह्यानंच उभा केला बुलडॉग."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पाथर्डीचा? मग हातात कोयता सोडून पाना कसा आला?"

सगळे हसले. भाऊ पण हसले! पाव्हण्यांच्या भिडेखातर असेल. पण हसले.

माझे आई-बाप त्या कोयत्यावर जगलेत. मी ब्लोलॅम्प पेटवला. नाक लाल होईपर्यंत जाळाकडंच बघत राहिलो. वेशीकडून हलगी ऐकू येत होती. सगळं गाव तिथं थांबलेलं.

स्टेअरिंग खोचलं, झोका दिला. दुसऱ्याच झोक्याला पेटला. धडाम् — धडाम्. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टेअरिंग उपसलं, परत जागेवर बसवायला निघालो, तर भाऊंनी ते माझ्या हातातून घेतलं. आणि त्याच्या हातात दिलं.

"बसा पाव्हनं. वेशीचा पहिला मान आज तुमचा."

मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही म्हणाला होतात —"

"अरे, आजच्या दिवस."

आजच्या दिवस! मी बाजूला झालो. त्यानं स्टेअरिंग बसवलं. क्लच कुठला, गिअर कुठला ते भाऊंनी दाखवलं. त्यानं पुढचा गिअर टाकला.

बुलडॉग मागं गेला.

मागं कडबा नव्हता. गव्हाण होती. काकू वाकून बैलांना पुरणपोळी भरवत होत्या, आणि इंजिनच्या धडधडीत त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. रेश्मा ओरडली, "आईऽ!" धावत जाऊन तिनं काकूंना दंडाला धरून ओढलं. त्या गव्हाणीच्या काठावर पडल्या. बैलांनी दावी तोडली. त्या मुलानं स्टेअरिंग सोडून दोन्ही हात वर धरले होते, क्लच मात्र दाबला नव्हता. मी चढलो, तेल बंद केलं. मागचं चाक गव्हाणीला टेकून थांबलं.

काकूंचा हात मनगटातून मोडला. तशातही म्हणत होत्या, "बैल बघा, बैल बघा."

भाऊंनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली. "पोरानं उडी मारली म्हणून वाचलो!"

२३ ऑगस्ट

नगरला दवाखान्यात. प्लास्टर घातलं. मी आत गेलो तर काकू म्हणाल्या, "कल्याण, काल सणाचं जेवलास का?"

बाहेर येऊन भिंतीला डोकं लावून उभा राहिलो.

पाव्हण्यांचा सकाळीच निरोप आला. आमचं जमायचं नाही, सणाच्या दिवशी असं झालं. भाऊ चिडलेत, पण माझ्यावर नाही. "मशीन हाय ते. त्याला का डोळं हायत? हितनं पुढं शेडच्या किल्ल्या तुझ्याकडं."

म्हणजे जे जे मागितलं असतं ते सगळं मिळालं! पोळा झाला, तो गेला, शेड माझी.

दुपारी रेश्मा व्हरांड्यात माझ्याशेजारी येऊन बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "काल वेशीतून आल्यावर पप्पांना सांगनार हुते मी. तुझं नाव. आईला आधीच सांगितलं हुतं. ती म्हनली, पोळा होऊ दे, सनाला नको वाद."

काकूंना माहीत होतं! मला ताट आणून देत होत्या तेव्हा पण —

मग रेश्मानं विचारलं, "कल्याण, चाकावरचा बाण बघितला हुतास का?"

"नाही."

"खरं?"

"गडबडीत राहिलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग डोळे पुसले आणि खांद्यानं मला जरा ढकललं. "येडा हायेस. उद्या आईला घरी आनलं की सांगते पप्पांना."

तिनं विश्वास ठेवला.

२४ ऑगस्ट

पाथर्डीच्या एसटीत लिहितोय. अक्षर हलतंय.

काकू घरी आल्या. रेश्मा भाऊंना घेऊन शेडकडं आली, हसत. ती तोंड उघडणार एवढ्यात मीच बोललो.

मी बाण बघितला होता. स्टेअरिंग माझ्या हातात होतं, अजून भाऊंनी घेतलं नव्हतं, तेव्हाच बघितला. उलटा धावत होता. एक शब्द बोलायचा होता. मला वाटलं, जाऊ दे त्याला मागं, गंजीत, जसा मी गेलो होतो, आणि रेश्मा हसू दे. गंजी आदल्या दिवशी मीच हलवली होती. ते डोक्यात आलंच नाही. डोक्यात फक्त तो होता.

भाऊ खाली बसले. मला वाटलं होतं मारतील. मारायला हवं होतं.

रेश्मा बाणाकडं बघत होती. माझ्याकडं नाही. "काल इचारलं तवा का न्हाई सांगितलंस?" एवढंच म्हणाली.

ती दोघं घराकडं गेल्यावर किल्ल्या मडगार्डवर ठेवल्या, हळदीच्या डागाशेजारी. बाहेर आलो. शेडचं दार जड आहे, नेहमी दोघं लागतात. एकट्यानं ओढलं आणि लावून घेतलं.