कार्डाचा कोपरा

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. ९ नोव्हेंबर १९२९

ती. सौ. गोदावन्संचे सेवेशी,
गुणवंतीचा शि. सा. न. वि. वि.

इकडची स्वारी मालगुंडास सुखरूप उतरल्याचे भिवा होडीवाल्याकडून कळले, तेव्हा कुठे मी पाण्याचा घोट घेतला. तुमचा धाकटा भाऊ तुमच्या ओटीत घातला आहे. आता आईच्या जागी तुम्हीच.

समक्ष बोलवले नाही ते लिहिते. पटकीच्या साथीत जोडीचा तारमास्तर आजारी पडला आणि दोघांचे काम इकडे एकट्यावर आले. कोण गेले, कोणी तातडीने निघून यावे, सगळ्या तारा त्याच एका हातातून. साथ सरली, जोडीदारही कामावर आला, पण इकडची झोप गेली ती गेलीच. जेवताना पाटावर बोटे कट्ट कडकट्ट वाजत राहतात. बाळाला थोपटताना त्याच्या पाठीवरही तेच. दारात कोणी नुसते खाकरले तरी दचकणे होते. डोळ्यांत टिपूस नाही, तोंडात शब्द नाही.

पोस्टमास्तर भला माणूस. त्यांनी पौषापर्यंत रजा दिली. मात्र तोवर उतार पडला नाही तर सिव्हिल सर्जनना दाखवावे लागेल म्हणाले, आणि म्हणताना माझ्याकडे बघायचे टाळले. वन्सं, येथे वेड्यांचे इस्पितळ आहे हे तुम्हाला काय सांगायचे! त्या भिंतीवरून जायचे नको म्हणून मी बाजाराला लांबच्या वाटेने जाते. मला फार भीती वाटते. बाळाला अजून बाप ओळखताही येत नाही.

मायेचा हात असाच राहू द्यावा ही विनंती.
आपली, गुणवंती

॥ श्री ॥
मालगुंड, ता. २४ नोव्हेंबर १९२९

चि. सौ. गुणवंतीस,
गोदाचे अ. उ. आशीर्वाद वि. वि.

आधी ते रडणे आवर. तुझ्या पत्रात शाई इतकी फुटली आहे की चष्मा लावूनही मला अर्धे अंदाजाने वाचावे लागले.

खरे सांगते, पहिल्या आठवड्यात मीही घाबरले होते. पेज पुढे ठेवली की आत्माराम तिच्यावर साय धरेपर्यंत नुसता बघत बसायचा. बोटांचे ते वाजणे ऐकून वाटायचे की भिंतीत कोणीतरी आहे. शेजारची आवडाबाई येऊन हळूच म्हणाली की हे बाहेरचे दिसते, भगताकडे न्यावा. तो भगत मिरच्यांची धुरी देतो आणि वेताने मारतो, हे मला ठाऊक आहे. मी तिला सांगितले की माझ्या भावाला भूत नाही, सरकारी नोकरी लागली आहे.

माझे उपाय साधे. सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर तुपाचा गोळा. मग ब्राह्मी घालून कढवलेले खोबरेल डोक्याला नि अंगाला, आणि उन्हात बसणे. संध्याकाळी तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासते. निजताना दुधात जायफळाचे दोन वेढे, जास्त नाही. आणि कोणी काही विचारायचे नाही, हे सर्वांत मोठे औषध. त्यासाठी घरातल्या साऱ्यांना दम दिला आहे.

तरी बोटे थांबेनात. मग एके दिवशी भिजवलेला काथ्या त्याच्या मांडीवर टाकला आणि सांगितले की आमच्याकडे फुकट पेज मिळत नाही, सुंभ वळ. लहानपणी आप्पांनी आम्हा दोघांना शिकवले होते. हात विसरले नव्हते. आता दिवसभर वळतो, आणि वळतो तोवर बोटे गप्प असतात. परवा दुपारी हातात काथ्या धरूनच पडवीत डोळा लागला. उठल्यावर पहिले वाक्य बोलला ते काय, तर माझी भाकरी करपली! मला इतका आनंद झाला की दुसरी मुद्दाम करपवली.

एक भीती मात्र हटत नाही. पोस्टमन वाटेवर दिसला की हा मागच्या दाराने माडांत जातो. म्हणून तू एक कर. त्याच्या नावाने कार्ड घाल, मोठ्या अक्षरांत, नुसते आनंदाचे. ते त्याने स्वतःच्या हाताने घ्यावे असे माझ्या मनात आहे. चांगली बातमीसुद्धा टपालानेच येते, हे त्याला कळू दे.

बाळाला पापा. आमची आठवण असू द्यावी.
तुझी, गोदा

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. १ डिसेंबर १९२९

चरणकमली गुणवंतीचा शि. सा. न. वि. वि.

येथे सर्व खुशाल. बाळाला पुढचे दोन दात आले! हाती लागेल ते चावतो. काल इकडच्या जुन्या वहाणेचा अंगठा चावून ठेवला आणि मी रागावले तर हसला. वन्संच्या भाकरीला नावे ठेवल्याचे कळले. तब्येत सुधारत असल्याची खूण पटली. काळजी नसावी.
चरणांची दासी, गुणवंती

॥ श्री ॥
मालगुंड, ता. ४ डिसेंबर १९२९

चि. सौ. गुणवंतीस आशीर्वाद.

घाईत लिहिते. आज दुपारी तुझे कार्ड आले. मी विहिरीवर होते. आनंदाचे कार्ड येणार हे मी आत्मारामला सांगून ठेवले होते, म्हणून आज तो पळाला नाही, अंगणात पुढे होऊन त्याने हात केला. कार्डाचा कोपरा फाटलेला होता.

मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात आणि ते घरात न आणता बाहेरच वाचतात, ही आपली रीत त्याला कोणी सांगायला हवी? पोस्टमन म्हणतो, त्याने कोपरा पाहिला, कार्ड उलटूनही बघितले नाही, कुंपणात खोचले आणि चालू लागला. मी आले तेव्हा ते तिथेच होते. पाणंदीत उभी राहून वाचले, तर दात आणि वहाण! गुणवंती, असे कसे केलेस ग?

त्याची पावले वाळूवरून खाडीकडे गेली आहेत आणि पाण्याशी संपली आहेत. भरती होती. तरीवाला म्हणतो, त्याच्या होडीत असा कोणी बसला नाही. माणसे किनाऱ्याने हाका मारीत फिरताहेत. त्या हाका मला येथे ऐकू येतात आणि उत्तर येत नाही.

भिवाला ही चिठी घेऊन निघायला सांगितले आहे. आत्माराम तिकडे आला असेल तर भिवाबरोबर दोन ओळी दे. नसेल तर काही लिहू नकोस, बाळाला घेऊन तू स्वतः ये.
गोदा

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. ५ डिसेंबर १९२९

ती. सौ. वन्संचे सेवेशी शि. सा. न.

स्वारी घरी आहे. जिवंत आहे. बाकीचे यानंतर वाचावे.

भिवा आत्ता तिन्हीसांजेला पोहोचला आणि तुमच्या चिठीमुळे सगळा उलगडा झाला. कार्ड लिहिले त्या दिवशी बाळाच्या तोंडातून मी बोट घालून कागदाचा तुकडा काढला होता. वाटले, वर्तमानपत्राचा असेल. कार्ड पदराखाली धरून अंधारातच पेटीत टाकले, कोपरा पाहिलाच नाही. ज्याच्यासाठी खाडी पोहून येणे झाले, त्यानेच तो खाल्ला होता.

आज सकाळी बाळाचे झबले पिळून दोरीवर टाकत होते, तो अंगणाच्या कडेला स्वारी उभी. कमरेपर्यंत चिखल, पाय फुटलेले. मी हाक मारली तरी माझ्याकडे बघणे नाही, नजर झबल्यावर. मग इतक्या हळू विचारणे झाले की मला पुढे होऊन ऐकावे लागले. हे झबले आज कोणी घातले होते का, असे. मी सांगितले की आत्ताच भिजवून ठेवले आहे त्याने, आणि आत पाळण्यात ओरडतो आहे.

वन्सं, तिथेच खाली बसणे झाले आणि रडू फुटले. साथीत ज्यांच्या तारा हातातून गेल्या, त्यांची एकेक नावे घेऊन रडणे चालले होते. कोणी गेले की काय म्हणून शेजारची सोनूबाई धावत आली. मी बाळाला आणून मांडीवर ठेवले. मग झोप लागली ती दिवेलागणीपर्यंत. मी दिवसभर नाकाशी बोट धरून बसले होते, इतकी ती झोप मला परकी वाटली.

दिवे लागताना पोस्टमास्तर आले. इकडून उठून नमस्कार झाला आणि सरळ सांगणे झाले की तारेच्या यंत्रावर आता बसणार नाही, मनीऑर्डरीच्या खिडकीवर घ्या, नाहीतर मालगुंडास जाऊन सुंभ वळीन. ते हसले, खिडकीचे बघतो म्हणाले. सिव्हिल सर्जनचे नाव निघाले नाही. माझी भीती मात्र एका दिवसात जाणारी नाही, खोटे कशाला लिहू? उरलेल्या रजेत आम्ही तिघे तुमच्याकडे येतो. पेज जास्त लावावी.

भाकरी करपली तरी चालेल, जिव्हाळा कमी होऊ देऊ नये.
आपली, गुणवंती

ता. क. – हे पत्र वाचायला मागणे झाले नाही. कागद नुसता हातात घेऊन चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवले आणि मग मला परत दिला. बोट थरथरत होते, पण वाजत नव्हते.