धरणापल्याडचा आठवडा

मारुंजी, ३ सप्टेंबर २०२५

ती. हैबतदादास,
लीलाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळवते. परवा आम्ही दोघं तुझ्या घरासमोर, धरणापल्याडच्या डोंगरावरच्या रिसॉर्टात राहून आलो. रिसॉर्टवाल्यांनीच आपल्या गाडीनं फुकट नेलं-आणलं, म्हणून तुझ्याकडे येणं झालं नाही. रागावू नकोस.

दादा, काय सांगू! सकाळी पडदा सारला तर भिंतच नाही, नुसती काच. ढग खाली आणि आपण वर. हे चहाचा कप धरून तसेच उभे. चहा निवून गेला. जन्मभर भातखाचरात वाकलेला माणूस. देवाला असंच दिसत असणार, एवढंच म्हणाले.

तिथल्या मुलीनं सांगितलं, एकदा पैसे भरले की पंचवीस वर्षं, दरवर्षी एक आठवडा ती खोली आपली. टाइमशेअर म्हणतात. भाव वाढला की विकायचं, म्हणजे गुंतवणूकच. इथं भाड्यानं दिलेल्या आमच्या खोल्यांतून साठलेलं सगळं त्यात घालावं असं यांच्या मनात आहे. ती आजच सही करा म्हणत होती. मी दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली. तुला काय वाटतं?

माया आहे तशी राहू दे.
तुझी लीला

१४ सप्टेंबर

चि. सौ. लीलास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी चंद्रा लई हसली. धरण बघाया पैसं कशाला, आमच्या पडवीत येऊन बस म्हनली.

आता कामाचं. चहाच्या टपरीवर पुण्याचे एक रिटायर साहेब भेटले. त्यांनी असाच आठवडा घेतलाय. जा न्हाईतर नका जाऊ, देखभालीचं पैसं दरसाल भरायचं, आन ते वाढतच जातंय. सुट्टीत खोली मागितली तर मिळत न्हाई. विकायला काढलाय, तर निम्म्या भावातबी कोन घेईना.

लीले, ही जमीन न्हाई, सातबारा न्हाई. ज्याला दरसाल खरंच जायचंय आन खर्च जड न्हाई, त्यानं मौज म्हनून घ्यावं. भाड्यावर घर चालवनाऱ्यानं गुंतवणूक म्हनून घिऊ नये. दाजींना माझं नाव सांग, रागावले तर माझ्यावर रागावू देत.

हैबतरावाचे आशीर्वाद

मारुंजी, ५ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

सही केली नाही.  दोन दिवसांनी यांनी आपणच तिथं फोन लावला. मेंबर नसलं तरी एका रात्रीचे पैसे भरून खोली मिळते, असं तिथून कळलं. दिवाळीनंतर जायचं ठरलंय. तू आणि वहिनीनं यायचंच. पडवीचं कौतुक तिथं येऊन सांग म्हणावं तिला.

वाट बघणारी,
लीला

१० नोव्हेंबर

चि. सौ. लीलास आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तितं रिसॉर्टात काचंपाशी मनात आलं ते आता लिहितोय.

सत्तरी गाठली हितं. पण धरण बघितलं ते गवताचा भारा डोक्यावर, नजर पायाखालच्या वाटंवर. उगं उभं ऱ्हाऊन कधी बघितलंच न्हाई. ऊन वर आलं आन सगळं पाणी तांब्यासारखं पेटलं, तवा माझ्या अंगावर काटा आला.

चंद्रानं पल्याड बोट दाखवलं, त्ये काडीपेटीएवढं घर कुणाचं म्हनून इचारलं. मी म्हनलं, आपलंच. तिनं काचंला कपाळ टेकलं. एवढ्याशा जाग्यात पोरं वाढवली, सुना आनल्या, आन भवती एवढं मोठं हाय हे आज कळलं, म्हनली.

मी तिचा हात धरला. दाजींनी बघितलं आन हसून तोंड दुसरीकडं फिरवलं.

लोभ हाय, तो वाढता ऱ्हावा.
तुझा हैबतदादा