एक्कावन्न रुपये आणि एक नारळ

२९ नोव्हेंबर १९९८, रविवार

"हौशी खेळाडूंनो! घाम तुमचा, फुटलेले गुडघे तुमचे, आणि खेळण्याचं भाडंही तुमच्याच खिशातून!"

आज अशी सुरुवात केली. व्यायामशाळेचे पत्रे दणाणले. माझंच अंग शहारलं, खोटं कशाला लिहू.

निमित्त होतं आमच्या मळेवस्तीच्या व्यायाम मंडळाच्या नाताळातल्या कबड्डी स्पर्धेचं. प्रवेश फी दर संघाला एक्कावन्न रुपये आणि वर एक नारळ. मुलांना तेवढीच, मुलींनाही तेवढीच. बक्षीस मात्र मुलांना रंगीत टीव्ही आणि मुलींना पाच लिटरचा कुकर! रोख रक्कम घेतली की हौशीपण जातं म्हणे. कुकरने जात नाही!

मी ग्रीकांचं उदाहरण दिलं. तिथे जिंकणाऱ्याला ऑलिव्हच्या पानांचा मुकुट, गावात मिरवणूक. "आणि आपण? आपण पोरींना पंचाच्या शिट्ट्या संपल्या की कुकरच्या मोजायला लावतो!" बायकांच्या बाजूने केवढ्या टाळ्या!

नारळाचीही खिल्ली उडवली. मंडळाची रीत अशी की मैदानाच्या कडेला मारुतीच्या तसबिरीसमोर चुन्याची रेघ मारतात आणि फी भरलेला प्रत्येक संघ त्या रेघेवर आपला नारळ मांडतो. मांडलेला नारळ अंतिम सामना होईपर्यंत कुणी उचलायचा नाही. मग सगळे फोडून खोबरं वाटतात. "देवाला नारळ, मंडळाला पैसे, खेळाडूला खोबरं!" म्हटलं. हशा थांबेना. मंडळाचे चिटणीस खंडेरावकाका मान खाली घालून टोपी चाचपत बसले होते.

सातपूरच्या कारखान्यातून हे उशिरा आले. चपला काढता काढता म्हणाले, "मग? पडलं का सरकार?"

३० नोव्हेंबर, सोमवार

शुभांगी कॉलेजात भेटली. मी शिकवते त्याच वर्गातली, एस. वाय. बी. ए., मुलींच्या संघाची कप्तान. चढाईला गेली की पोरगी माणसांच्या मधून पाण्यासारखी निसटते.

यंदाची स्पर्धा तिच्यासाठी शेवटची ठरू शकते. जिल्हा निवड समितीची माणसं नाताळात इथेच येतात, मुलींची खुली स्पर्धा दुसरी आहेच कुठे? सरुबाईने, तिच्या आईने, सांगून ठेवलंय — जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर खेळ आणि शीक, नाहीतर संक्रांतीपासून मेथीची पाटी घेऊन बाजारात बस. सरुबाई दुष्ट नाही. नवरा गेल्यापासून मळा एकटी ओढते.

"बाई, फी गेली तर बरंच होईल," शुभांगी म्हणाली. मग लगेच, "पण नारळाचं बोलायला नको होतं."

"का गं? देव कोपेल?"

"तसं नाय बाई..."

तेवढ्यात तासाची घंटा झाली. मी वर्गावर गेले.

७ डिसेंबर, सोमवार

जिंकलो!!

पुंजाअण्णा स्वतः घरी आले. शेतं घेऊन प्लॉट पाडून विकतात, त्यांना ओळखत नाही असं कोण आहे? पुढच्या निवडणुकीचे डोहाळे लागलेत. असोत. चहा बशीत ओतून म्हणाले, "बाई, तुमच्या भाषणानं डोळे उघडले माझे. यंदापासून एकाही खेळाडूकडून एक रुपया घ्यायचा नाय. मांडव, पंच, बक्षिसं, सगळं माझ्याकडं."

इतकी वर्षं बोलते आहे. हुंड्यावर बोलले, दारूवर बोलले, पाण्यावर बोलले. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. आज पहिल्यांदा शब्दाने काहीतरी हललं!

८ डिसेंबर, मंगळवार

ह्यांनी पेढे आणले. "तुझ्या भाषणाला पहिल्यांदाच फळ धरलं," म्हणाले. थट्टा होती, पण पेढे खरे होते.

१३ डिसेंबर, रविवार

कसं लिहू?

आज कप्तानांची सभा असते. दरवर्षी ह्या दिवशी सगळे संघ जमतात, फी भरतात, गट ठरतात, नियम ठरतात, भांडणं होतात. मी मोठ्या तोऱ्यात गेले. सभा नव्हतीच. व्यायामशाळेच्या दारावर छापील कार्यक्रम चिकटवला होता. मुलांचे सोळा संघ. खाली लिहिलेलं — 'महिलांसाठी भव्य पाककला स्पर्धा. प्रवेश मोफत. प्रथम बक्षीस : प्रेशर कुकर.'

मुलींचे सामने नाहीत. एकही नाही.

शुभांगी दाराशी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते असतं तर बरं झालं असतं.

"बाई, नारळ कुठंय आमचा?"

मला कळेना. मग तिने सांगितलं, त्या दिवशी कॉलेजात जे ऐकायला मी थांबले नव्हते ते. सभेत मत असतं ते नारळाला. ज्या संघाचा नारळ मांडायचा, त्याला एक मत. आणि ओळीत नारळ असलेल्या संघाला खेळवल्याशिवाय अंतिम सामना होत नाही. मुलींचे सामने मंडळाने आपणहून कधी दिलेलेच नाहीत. काही वर्षांपूर्वी थोरल्या मुली फी आणि नारळ घेऊन थेट मैदानात आल्या, मंडळवाले नको नको म्हणत असताना त्यांनी रेघेवर नारळ मांडले. मारुतीसमोरचा नारळ उचलायची कुणाची छाती झाली नाही. म्हणून खेळवलं! तेव्हापासून दरवर्षी मुलींचे संघ नारळ मांडतात, आणि दरवर्षी सभेत हात वर करून आपले सामने राखतात.

"आता फी नाय, म्हणून नारळ नाय. नारळ नाय, म्हणून सभा नाय. यंदा रेघच मारणार नायत, बाई."

देवाला नारळ, मंडळाला पैसे, खेळाडूला खोबरं. केवढे हसले होते लोक! ती हसली नव्हती. व्यासपीठावरून ते मला दिसलं नाही.

१४ डिसेंबर, सोमवार

वर्गात एकही वाक्य पूर्ण झालं नाही. शुभांगीची जागा रिकामी.

१६ डिसेंबर, बुधवार

गोदेकाठी, गंगेवरच्या बाजारात गेले. सरुबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. शेजारी शुभांगी बसलेली — संक्रांतीला अवकाश आहे, तरी आजच! माझ्याकडे बघितलं नाही तिने. कोथिंबिरीवर पाणी मारत राहिली.

"बसा बाई," सरुबाईने गोणपाट सरकवलं. मग म्हणाली, "तुमच्या भाषनाला मीबी व्हते. टाळ्या लय पडल्या. मीबी वाजवल्या. आता माझी पोर कुठं खेळनार, त्ये सांगा."

मी म्हटलं, मी अण्णांशी बोलते.

"बोला. बोलन्यात तुमचा हात कोन धरनार?"

टोमणा होता की विश्वास, अजून ठरवता आलं नाही. मेथी घेतली. पैसे घेईना. "ऱ्हाऊ द्या. आता समदं मोफतच हाय ना!"

हा मात्र टोमणाच होता.

१७ डिसेंबर, गुरुवार

पुंजाअण्णांच्या ऑफिसात. माझ्यासाठी त्यांनी खुर्ची ओढली, पंखा लावला — डिसेंबरात! मी सगळं बोलले. स्त्री-पुरुष समता, खेळाचा हक्क, हौशी खेळाडूचा स्वाभिमान. चांगलं बोलले. ते मान डोलवत ऐकत होते, मधे मधे "वा!" सुद्धा म्हणाले.

मग म्हणाले, "बाई, मी रागानं नाय बोलत हं. पण जेवायला बोलावलेला पाहुणा भाजी कुठली करायची ते सांगतो का? वर्गणी काढून जेवण असलं की गोष्ट वेगळी."

भाषणात ज्या फीला मी अपमान म्हटलं, त्या फीमुळेच त्या पोरी पाहुण्या नव्हत्या, घरच्या होत्या.

उठताना ते म्हणाले, "उद्घाटनाला प्रमुख पाहुण्या तुम्हीच. नाय म्हणू नका. पत्रिका छापायला गेली."

१८ डिसेंबर, शुक्रवार

खंडेरावकाकांकडे गेले. म्हटलं, मुलींच्या सगळ्या संघांची फी मी भरते, आत्ता, घ्या.

काका कळवळले. "मोफत स्पर्धेत फी कशी घेऊ बाई? अण्णा म्हणतील, त्यांचं नाक कापलं."

"मग नारळ तरी मांडू द्या!"

"फीबिगर नारळ कसा मांडायचा?"

फी घेता येत नाही, कारण फी बंद. नारळ मांडता येत नाही, कारण फी नाही. मी तर्कशास्त्र वाचलंय. ह्या वर्तुळाला दार नाही. आणि हे वर्तुळ मी आखलंय, टाळ्यांच्या तालावर.

निघताना काका अंगणात आले. "नारळाला तुम्ही हसला, त्याचं वाईट वाटलं व्हतं. पण तुम्ही शिकलेल्या... म्हटलं, असंल काही."

२० डिसेंबर, रविवार

वर्तमानपत्राचे संपादक फोनवर : "ताई, स्पर्धा मोफत केली म्हणून तक्रार? वाचक हसतील हो." जिल्हा संघटनेत विचारलं, तर "आयोजकांचा प्रश्न आहे."

जिथे जाईन तिथे माझंच भाषण माझ्यापुढे येऊन उभं राहतं. फी बंद करा! केली ना?

२१ डिसेंबर, सोमवार

पत्रिका आली. माझं नाव सोनेरी अक्षरात. 'ज्यांच्या प्रेरणेने स्पर्धा मोफत...'

हे म्हणाले, "जाऊ नकोस." थोड्या वेळाने म्हणाले, "किंवा जा. पण भाषण करू नकोस." थट्टा नव्हती आज.

२३ डिसेंबर, बुधवार

संध्याकाळी सरुबाईच्या मळ्यावर गेले. मेथीच्या दोन वाफ्यांमधल्या मोकळ्या पट्टीवर शुभांगी सराव करत होती. एकटीच. दम धरून पुढे जायची, कुणी नसलेल्या पायाला हात लावायची, वळून परत. धरायला कुणी नाही, बाद करायला कुणी नाही. कुणाशी खेळत होती पोर?

"निवड समिती येणार आहे ना, बाई?"

"येणार आहे. पुढच्या खुर्च्यांवर बसणार आहे."

"मुलांचे सामने बघायला." तिने ओढणीने तोंड पुसलं. "आम्हा पोरींना मांडवात बसवणारेत. पाककलेच्या बाजूला. जागा भरायला पाहिजे म्हणे." मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्ही बोला बाई. छान बोलता. आता तेवढंच ऱ्हायलंय."

घरी येऊन भाषण लिहायला बसले. एक ओळ लिहिली. खोडली. दुसरी लिहिली. तीही खोडली. कुठलाही शब्द उचलला की त्याखाली ते टाळ्या वाजवणारे हात दिसतात.

२४ डिसेंबर, गुरुवार

भाषण नाही. उद्या तशीच जाईन.

२५ डिसेंबर, शुक्रवार

मांडव खच्चून भरलेला. समोर निवड समिती. डावीकडे शेगड्यांच्या रांगेमागे पोरी, शुभांगी त्यांच्यात. पुंजाअण्णांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात श्रीफळ दिलं. टाळ्या. माइक पुढे आला. मी खाली बघितलं आणि मारुतीच्या तसबिरीसमोर चुन्याची रेघ दिसली. बारीक, वाकडी, रिकामी. कुणी मारली? खंडेरावकाका खांबाला टेकून उभे होते, बोटं पांढरी.

मी माइक घेतला नाही. पायऱ्या उतरले आणि अण्णांनी दिलेला नारळ रेघेवर मांडला. पर्समधून एक्कावन्न रुपये काढून काकांच्या हातात दिले. "मुलींच्या संघाचे," म्हटलं. काकांनी टोपी काढली आणि नोटा तिच्यात ठेवल्या. अण्णा दोन पावलं पुढे आले, नारळाकडे बघितलं, तसबिरीकडे बघितलं — आणि तिथेच थांबले.

आज माझं भाषण माइकशिवाय झालं, आणि सबंध भाषण एवढंच :

"पोरींनो, उठा! घरी जा, आणि आपापल्या संघाचे एक्कावन्न रुपये आणि नारळ घेऊन या. आत्ता!"