सोफ्याच्या डाव्या हातातल्या गोळ्या

उस्तादांनी माझ्या डबीतले मूठभर खिळे उचलून स्वतःच्या तोंडात टाकले, त्या क्षणी माझे सगळे बदलले. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण मरण माझे, कागद माझा, तेव्हा सुरुवातही मीच ठरवणार.

तर मी, खाली सही करणारा, वय वर्षे बावीस, शिक्षण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत (मध्येच सोडले), धंदा सोफे-खुर्च्यांना गादी आणि कापड चढवण्याचा, राहणार आईच्या दोन खोल्यांत, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. लवकर तापते, ती गोष्ट वेगळी. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. माझ्या रक्तात एचआयव्ही आहे. मला एड्स झालेला नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत, हे कळायला मला बरेच महिने लागले, म्हणून इथे लिहिले. मरायची घाई अजिबात नाही.

कलम १. दीड वर्षापूर्वी रागाच्या भरात मी एक मृत्युपत्र लिहिले होते. ते दादाच्या कपाटात आहे. ते आजपासून रद्द, त्यातल्या शिव्यांसकट.

ते का लिहिले, तेही सांगतो. कॉलेजात रक्तदान शिबिर होते आणि नावे लिहून घ्यायला ती बसली होती. ती म्हणजे माझ्याच वर्गातली, पहिल्या बाकावरची. मला सुईची भीती वाटते, तरी तिच्यासमोर छाती काढून आडवा झालो. उठल्यावर ती म्हणाली, "पांढराफटक पडलायस. बिस्किट खा आणि शूरपणा उद्या कर." त्यानंतर पंधरा दिवस आम्ही रोज भेटलो. सोळाव्या दिवशी रक्तपेढीतून बोलावणे आले.

हा विषाणू मला कुठून आला, ते लिहीत नाही. वाटणीला त्याची गरज नाही. तिच्याशी माझे हात धरण्यापलीकडे काही झाले नव्हते, त्यामुळे तिला धोका नाही. हे मुद्दाम लिहिले, कारण वाचणारे पहिला प्रश्न हाच विचारतील.

मी मरणार असे धरून चाललो होतो. तिला ग्रंथालयाच्या पायरीवर गाठले आणि म्हणालो, "मला तुझा कंटाळा आलाय." मी कॉलेज सोडले, घरी आलो, आणि मृत्युपत्रात लिहिले की तिने मला फसवले. हे साफ खोटे होते. तिने मला एक बिस्किट दिले होते आणि चार वेळा माझी वाट पाहिली होती. फसवले मी.

कलम २. माझी सगळी हत्यारे, म्हणजे दोन वाकड्या सुया, कात्री, पट्टा ताणायचा चिमटा आणि हातोडी, उस्तादांना, म्हणजे ज्यांच्या कारखान्यात मी हे काम शिकलो त्यांना, द्यावीत. हातोडी मुळात त्यांचीच होती. ती दिली तेव्हा म्हणाले होते, "तुझ्या बोटांपेक्षा तुझी जीभ जास्त चालते, बघू इथे तरी उपयोगी पडते का." आमच्या कामात दोन्ही हात कापड ताणण्यात गुंतलेले असतात. म्हणून बारीक खिळे तोंडात धरायचे, जिभेने एकेक ओठावर आणायचा, हातोडीच्या चुंबकाने तो टिपायचा आणि ठोकायचा. उरलेले खिळे पुन्हा डबीत थुंकायचे.

मी कामाला लागलो तो पहिल्या दिवसापासून वेगळी डबी घेऊन. एचआयव्हीच्या औषध केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी सांगितले होते की थुंकीतून, पेल्यातून, ताटातून हा लागत नाही. मला ते पटले होते. पण पटणे वेगळे आणि उस्तादांच्या शेजारी बसून तोंडात खिळे घेणे वेगळे.

गोळी रोज सकाळी दहाला घ्यायची. घरी पाहुणे येतात म्हणून मी बाटली कारखान्यात ठेवत असे, कोपऱ्यात महिनोन् महिने पडलेल्या एका बेवारशी सोफ्यात, डाव्या हाताच्या पोकळीत. एकदा सुट्टीपुरती गोळी खिशात घेऊन गेलो आणि परत आलो तर सोफा नाही. गिऱ्हाईकाला अचानक आठवण झाली होती. उस्तादांनी स्वतः कापड चढवून तो पोचता केला होता.

केंद्रात जाऊन दुसऱ्या गोळ्या मागायच्या, एवढे सोपे होते. पण "गोळ्या सोफ्यात गेल्या" हे कोणाला सांगणार? त्यात मागच्याच महिन्यात मी ताईंशी भांडलो होतो. नऊ दिवस गोळी नाही. औषधात असा खंड पडला की विषाणू त्या औषधाला सरावू शकतो आणि मग तीच गोळी चालत नाही, हे ताईंनी तीनदा सांगितले होते. मी रोज हिशेब न करता नुसता घाबरत होतो.

दहाव्या दिवशी उस्ताद म्हणाले, "जेवत नाहीस, खिळा वाकडा मारतोस, माझ्यावर भुंकतोस. प्रेमभंग की दाढदुखी?"

माझ्या तोंडून सगळे बाहेर पडले. आजाराचे नाव, गोळ्या, सोफा. बोलून झाल्यावर मी चपला शोधू लागलो, कारण नोकरी गेली हे धरूनच चाललो होतो.

"कुठल्या हातात?" उस्तादांनी विचारले.

"डाव्या."

"मग चपला काय शोधतोस? पक्कड शोध."

सोफा एका निवृत्त मुख्याध्यापिकांच्या घरी होता. उस्ताद दारातच म्हणाले, "बाई, आमची एक वस्तू आत राहिली. डॉक्टर पोटात कात्री विसरतात, तसं समजा."

आम्ही डाव्या हाताचे कापड उसवले. बाटली खुळखुळत बाहेर आली. मुख्याध्यापिकांनी चष्मा लावून तिच्यावरची चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "रोज घ्यायच्या ना या? मग माझ्या सोफ्यात काय करतायत?" आत जाऊन त्यांनी पाणी आणले. मी तिथेच जमिनीवर बसून गोळी घेतली.

कापड परत ठोकायचे होते. उस्तादांनी हात पुढे केला आणि माझी डबी उघडली. मी ओरडलो, "उस्ताद, ती माझी!" त्यांना उत्तर देता येईना, तोंड खिळ्यांनी भरले होते. त्यांनी नुसती मान हलवली. त्याचा अर्थ होता, कापड ताण. मी ताणले. डोळ्यांतून पाणी येत होते आणि हात मोकळे नव्हते, म्हणून ते तसेच वाहू दिले.

कलम ३. बँकेच्या खात्यात जे असेल ते आईचे. आई म्हणते, "माझ्याआधी जायचा बेत असेल तर आधी मला विचार." तरी तिचेच.

कलम ४. दादाने माझा पेला वेगळा करून त्यावर लाल ठिपका दिला होता. तो पेला मी दादाला देतो, त्याने त्यातूनच पाणी प्यावे. ताईंनी समोर बसवून समजावल्यापासून तो जरा नरमला आहे. गेल्या आठवड्यात त्याच पेल्यातून पाणी पिऊन गेला, बहुतेक न बघता. बघून प्यायल्याचे सिद्ध झाल्यास हे कलम बाद करावे.

कलम ५. मी गेलो तर खरे कारण सांगावे. ट्रकखाली गेलो तर ट्रक सांगावा, उगाच दुसरी कुजबुज नको. माझा ताजा अहवाल या कागदासोबत जोडला आहे. त्यात विषाणूचे प्रमाण इतके कमी आहे की यंत्राला सापडत नाही. नऊ दिवसांचा खंड मला भोवला नाही. मी ताईंना विचारले, "म्हणजे बरा झालो?"

"नाही रे बाबा. गोळीमुळे तो झोपलाय. गोळी सोडलीस की उठलाच. पण आकडा असाच टिकवलास तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न कर, संसार कर, आणि माझ्याशी भांडायला दर महिन्याला ये."

त्या दिवशी घरी जाताना मी दोन चौक उलट्या दिशेने चाललो आणि मला कळलेही नाही.

कलम ६. एक बंद पाकीट आहे. त्यात तिला सगळे खरे लिहिले आहे. ते तिला माझ्या मृत्यूनंतर द्यावे.

कलम ६ वरील दुरुस्ती. हा कागद साक्षीदारांना, म्हणजे मुख्याध्यापिकांना आणि ताईंना, उस्तादांसमोर वाचून दाखवला. उस्ताद हत्यारे घेणार असल्याने त्यांना साक्षीदार होता येत नाही, असे मुख्याध्यापिकांनी सांगितले, म्हणून ते तोंड पाडून बसले होते. कलम सहा ऐकताच ते उसळले, "मेल्यावर? ताई, याचं आयुष्य किती?"

"गोळ्या नीट घेतल्या तर तुमच्या-माझ्याएवढं."

"म्हणजे ती पोरगी पन्नास वर्षं हेच धरून बसणार की याला तिचा कंटाळा आला?"

मी म्हणालो, "तिने दार लावून घेतलं तर?"

मुख्याध्यापिकांनी पेनाचे टोपण लावले. "तर दार लागेल. तो तिचा हक्क. पण हे कलम असेपर्यंत मी सही करणार नाही."

मी खूप चिडलो. मग कलम सहा खोडले आणि खोडलेल्या जागी सही केली. पाकीट फाडले. तिला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. माझ्या मरणानंतर तिला कळावे, असे माझ्याकडे काही राहू द्यायचे नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, मला मान्य आहे.

सही: (केली)
साक्षीदार पहिल्या: निवृत्त मुख्याध्यापिका, डाव्या हाताच्या सोफ्याच्या मालकीण (सही)
साक्षीदार दुसऱ्या: औषध केंद्रातल्या ताई (सही)
ठिकाण: उस्तादांचा कारखाना, मागची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला शनिवार, दुपारचे चार

ताजा कलम: ती आता कॉलेजच्या ग्रंथालयात पाचपर्यंत काम करते, हे मी चौकशी करून ठेवले आहे. काय बोलायचे ते ठरवलेले नाही. तिघेही एकाच वेळी सल्ले देत आहेत, त्यांतला एकही धड ऐकू येत नाही. कागद मुख्याध्यापिकांकडे देतो. सदरा बदलला. निघालो, आणि जाताना दार ओढून घेतो.