मूळच्याची उरलेली मुदत

५ जानेवारी
कुंभकोणमला आलो आणि जिवात जीव आला. पुदुकोट्टैला दोन वर्षं हातावर हात धरून बसलो होतो. इथे सकाळी बसमधून उतरलो आणि दुपारी कामावर! वैद्यलिंगम मालकांचं संगणकावर जन्मपत्रिका छापून देण्याचं दुकान, देवळाच्या कमानीला लागून. मालकांनी तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणून हाक मारली, समोरची कॉफी पाजली. म्हणाले, दहा दिवसांत तै महिना लागतो, लग्नं सुरू होतील, पत्रिका जुळवायला रांग लागेल, तू फक्त खुर्ची सोडू नकोस. खुर्ची सर्गुणमची. तीन वर्षं त्यानेच काम केलं. डिसेंबरात छातीला हात लावून इथेच मान टाकली बिचाऱ्याने. त्याच्या जागी मी. वाईट वाटलं, पण खोटं कशाला लिहू, आनंदही झाला.

७ जानेवारी
संगणकाची हार्ड डिस्क गेली. आतून टक, टक, टक, मग गप्प. मालक म्हणाले, वॉरंटी २७ तारखेपर्यंत आहे, तिरुचीला जाऊन बदलून आण, नाहीतर पोंगलला घरी जाशील तो तिकडेच राहा. म्हणजे तिसऱ्याच दिवशी नोकरीवर गदा. डिस्क काय मी खाल्ली?

८ जानेवारी
तिरुचीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये अडीच तास ताटकळलो. खिडकीवर जसिंता मॅडम. तिने डिस्क कानाशी धरून ऐकली, मान हलवली आणि म्हणाली, चालणार नाही. का, तर आयुधपूजेला सर्गुणमने डिस्कवर चंदन-कुंकवाचा टिळा लावलाय, नेमका नंबरावर. नंबर दिसत नाही म्हणजे माल आमचा नाही. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, मॅडम, तुमच्या प्रिंटरलाही टिळा आहे, मग तो कुणाचा? शांतपणे म्हणाली, तो आमचा.

टिळा नखाने खरवडून नंबर दाखवला, तेव्हा कुठे अर्ज पुढे आला. ‘मूळ’ या रकान्यात सर्गुणमचं नाव आधीच होतं. ‘बदली’पुढे तुमचं नाव लिहा, सही करा म्हणाली. रागाच्या भरात न वाचता केली. वर ऐकवलं, बदलीला नवी मुदत नसते, मूळच्याची उरली असेल तेवढीच. म्हणजे नवीन डिस्कची वॉरंटीही २७ तारखेपर्यंतच! हा कुठला न्याय?

१३ जानेवारी
डिस्क आली, बसवली. पत्रिकेचा प्रोग्रॅम पुन्हा टाकला आणि तपासायला माझीच जन्मवेळ घातली. छापून आलं त्यावर नाव माझं, जन्मतारीख दुसरीच. मालकांच्या जुन्या वहीत पाहिलं. तारीख सर्गुणमची. शेवटी आयुष्याचं पानही होतं. गिऱ्हाइकं घाबरतात म्हणून मालकांनी ते पान प्रोग्रॅममधून केव्हाच काढून टाकलंय. त्यावर एकच ओळ होती, २७ जानेवारीपर्यंत. मालक म्हणाले, कुणाची तरी जुनी डिस्क पुसून आपल्या गळ्यात मारली असेल, मनावर घेऊ नकोस तंबी. बोलताना माझ्याकडे पाहत नव्हते.

१९ जानेवारी
तै लागला की वाट सापडते म्हणतात. कसली वाट? अकरा वेळा छापून पाहिलं. गिऱ्हाइकांच्या पत्रिका ठणठणीत, माझीच तेवढी तशी. तिरुचीला फोन लावला. जसिंता मॅडम म्हणाली, आतल्या मजकुराची हमी आमची नाही. म्हटलं, मजकूर गेला खड्ड्यात, मला नवी मुदत द्या. तिने विचारलं, डिस्कला की तुम्हाला? मी फोन आपटला.

२३ जानेवारी
टक, टक, टक. गप्प. चिडून डिस्क उपसून टेबलावर ठेवली. तरी आवाज येतोच. संगणक बंद केला. तरी येतो. छातीवर हात ठेवला— तिथूनच येतोय.

२५ जानेवारी
मालक दारावर पाटी चिकटवत होते. ऑपरेटर पाहिजे. विचारलं, कुणाच्या जागी? म्हणाले, सोय वेळेवर केलेली बरी, तंबी. त्यांची गचांडी धरणार होतो. हात वर गेलाच नाही—

२६ जानेवारी
सेंटर बंद. प्रजासत्ताक दिन. मरायला टेकलेल्याला यांच्या सुट्ट्या आडव्या. अर्जाची प्रत काढली, आज पहिल्यांदा वाचली. डिस्कचा उल्लेख कुठेच नाही. मूळ— सर्गुणम, बंद पडला ११ डिसेंबर. बदली— कदिरेसन. खाली माझी सही. माझीच.

२७ जानेवारी
तिरुची. बाकावर बसून लिहितोय. पाचला सेंटर बंद होतं, पाचला दहा कमी आहेत. डिस्क जसिंता मॅडमपुढे आदळली. तिने बाजूला सारली. खिडकीमागून बाहेर आली. माझ्या छातीला कान लावला, डिस्कला लावला होता तसाच. मान हलवली—

अर्ज आणलाय. माल परत, असं छापलंय. सही मागते. या वेळी ‘मूळ’पुढे. उद्या त्या खुर्चीवर कुणीतरी येईल, त्याला उरलेली—

नाही करणार सही. सर्गुणमची उरलेली मुदत मला नको होती. मला माझी हवी, अख्खी. टक, ट— मी कुणाच्या जागी आलेलो नाही. मी सर्गुणम नाही, ऐका, माझं नाव कदि