दोन वजनांचं तांबं

अप्पा,

काल नातीला अणूची रचना समजावायची होती, म्हणून ओट्यावरची तुमची तांब्याची कळशी रिकामी करून टेबलावर ठेवली. ती नववीत आहे आणि तिला सगळं थोडक्यात हवं असतं. मी थोडक्यात काही शिकवत नाही, हे तिला आता कळलं आहे. समस्थानिकांपर्यंत आलो तेव्हा तिनं विचारलं, "हे तू पणजोबांना एका वाक्यात समजावलं होतंस ना? आई नेहमी सांगते. कुठलं गं ते वाक्य?" आधी धडा पुरा कर, असं म्हणून मी तिला गप्प केलं. दिवसभर मात्र माझं मन कसब्यातल्या आपल्या दुकानात होतं.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शनिवारी प्रॅक्टिकल आटोपून दुकानात येऊन बसायचे. पुढे मांडलेली भांडी, मागे तुमची ऐरण आणि हातोड्या. त्या दुपारी खडकीच्या कारखान्यात नोकरीला असलेले एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी भांडी घ्यायला आले होते. घंगाळ, दोन हंडे आणि ही कळशी त्यांनी निवडली होती. तुम्ही नेहमीसारखी कळशीवर टिचकी मारून ती त्यांच्या कानाशी धरली आणि म्हणालात, "एकच धातू आहे. दुसरं काही निघालं तर माझ्या दारात आणून टाका." आणि मी स्टुलावरून बोलले, "एकच कसं, अप्पा? तांबं दोन प्रकारचं असतं. एक हलकं, एक जड. प्रत्येक भांड्यात दोन्ही मिसळलेलं असतं."

गृहस्थांनी कळशी खाली ठेवली. "घरचीच साक्ष मिळाली," ते म्हणाले. "बरं झालं, लग्नाआधी कळलं." मी न्यूट्रॉन समजावायला लागले तोवर ते समोरच्या दुकानाची पायरी चढले होते. तुम्ही ओरडला नाहीत. "इथं भांडं बोलतं. तू बोलायचं कारण नाही," एवढंच म्हणालात आणि हातोडी घेऊन भांडं मठारायला बसलात. एकेक ठोका, एकेक खळगा, त्या दिवशीही सगळे एका ओळीत. पुढे कितीतरी दिवस समोरचे दुकानदार येता-जाता विचारायचे, "काय अप्पा, आज हलकं विकताय की जड?" तुम्ही हसायचात. मला ते हसणं बघवत नसे.

शुद्धतेवरून नाकारलेलं भांडं पुन्हा मांडायचं नाही, मोडीत घालायचं, ही आपल्या दुकानाची रीत. घंगाळ आणि हंडे मोडीत गेले. कळशी मात्र तुम्ही घरी आणलीत, तिच्यातलंच पाणी प्यायलात आणि मला कॉलेजात शिकवायची नोकरी लागली तेव्हा माझ्या हातात ठेवलीत.

आयुष्यभर ठोके ऐकून शेवटी तुमचे कान गेले. त्या वर्षी तुम्ही माझ्याकडे राहायला होतात. मी पेपर तपासत होते. तुम्ही कळशीवरून अंगठा फिरवत बसला होतात. एकदम विचारलंत, "ते दोन प्रकारचं तांबं म्हणायचीस, त्यातलं खरं कुठलं गं?" मी मान वर न करता मोठ्यानं सांगितलं, "नंतर सांगते." तुम्ही "बरं" म्हणालात. पुन्हा कधी विचारलं नाहीत. त्या दिवाळीला तुम्ही नव्हतात.

तर ऐका. दोन्ही खरं. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं आणि त्यात प्रोटॉन. धातू कोणता, ते प्रोटॉन ठरवतात. तांब्यात ते एकोणतीस. एक वाढला की ते जस्त. जस्ताचे अणू शिरले असते, तर ती भेसळ. न्यूट्रॉनचं तसं नाही. ते प्रोटॉनशेजारी बसतात आणि फक्त वजन वाढवतात. तांब्याच्या काही अणूंत ते चौतीस असतात, काहींत छत्तीस. केंद्रकाबाहेर एकोणतीस इलेक्ट्रॉन, हलक्यातही आणि जडातही. रंग, चकाकी, कल्हई धरणं, हिरवं पडणं, हे सगळं त्या इलेक्ट्रॉनचं काम, म्हणून दोन्ही सारखंच वागतात. दहा अणूंत साधारण सात हलके, तीन जड, खाणीतूनच तसे येतात. तुमच्या हातोडीला ते वेगळे लागले नाहीत, कारण लागण्यासारखं त्यांत काही नव्हतंच. तुम्ही गृहस्थांना सांगितलंत ते बरोबर होतं. मी सांगितलं तेही चूक नव्हतं, पण "दोन्ही तांबंच" हे दोन शब्द मी गिळले. गिळले, कारण तुम्हाला माहीत नसलेलं मला माहीत आहे, एवढंच मला दाखवायचं होतं.

नोकरीची सगळी वर्षं मी ही कळशी वर्गात नेली. माझ्या अडाणी वडिलांना मी समस्थानिक एका वाक्यात समजावले आणि ते म्हणाले, "म्हणजे दोन्ही माझंच," असं मी मुलांना सांगायचे. मुलं हसायची. माझी मुलगी तीच गोष्ट ऐकत वाढली. अप्पा, ते तुम्ही कधी म्हणालाच नाहीत. मी रचलं.

हा कागद घडी घालून नातीच्या पुस्तकात ठेवावा, असं वाटलं होतं. ठेवणार नाही. कळशी चिंचेनं घासून पुन्हा भरली आहे. रविवारी नात शिकायला येऊन हिच्यातलं पाणी पिईल तेव्हा तोंडानंच सांगेन, की पणजोबांनी विचारलं होतं आणि मी पेपर तपासत होते.