अप्पांचं पथ्य

॥ श्री शिव प्रसन्न ॥
सोनपेठ, मार्गशीर्ष शुद्ध ५, फसली १३४८

चि. नीलम्मा हीस अप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी खुशाल हाय. मायला सांग, डागदर साहेबांच्या सांगण्याप्रमाणं रोज सकाळी दोन कोस चालायलोय. गूळ, साखर, भात बंद. एक भाकर आन् पालेभाजी, बस. इथला एक कुत्रा रोज माझ्यासोबत नदीपर्यंत येतो. त्याला बी मधुमेह झाला असं लोक म्हणत असतील.

तुझ्यासाठी पाहिलेल्या स्थळाचं मात्र जमलं न्हाई. पोराच्या बापानं शिऱ्याचं ताट पुढं केलं. पोट बिघडलंय म्हणून मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी बी तेच झालं. तिसऱ्या दिवशी निरोप आला की ज्याला आमच्या घरचा घास चालत न्हाई, त्याची पोर आमाला कशी चालंल. खरं कारण सांगावं तर आजारी घरातली पोर कुणी करत न्हाई. आता जिंतूरला नागप्पांकडं जातो. माणसं चांगली हायेत म्हणतात.

तुमच्या सगळ्यांवर जीव हाय, तो पत्रात मावत न्हाई.
अप्पा

गंगाखेड, मार्गशीर्ष शुद्ध ९

ती. अप्पांस नीलम्माचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मायला वाचून दाखवलं. कुत्र्याचं ऐकून ती लय दिसांनी हसली, मग उठून आत गेली. गेल्या उन्हाळ्यात तुमी घागरभर पाणी पिऊन बी तहान तहान करत होता, ते ती विसरली न्हाई.

मी पंधराची झाले म्हणून कस्तुराआत्या तिला रोज बोलते, हे खरं. तरी माझ्यापायी पथ्य मोडू नका. स्थळ गेलं तर दुसरं येईल. जिंतूरला थंडी असंल, चालताना कानाला बांधत जा.

मायचा नमस्कार. आमच्यावरची माया अशीच ठेवा.
नीलम्मा

जिंतूर, मार्गशीर्ष वद्य १

चि. नीलम्मास आशीर्वाद.

स्थळ जमलं. पोरगा शांत हाय, कापसाचा धंदा सांभाळतो. पोराचा बाप नागप्पा तर देवमाणूस. जेवताना जवळ बसून सोताच्या हातानं पुरणपोळी वाढतात, वर दूध-गूळ. सोनपेठचं पुन्हा नको म्हणून मी खातो. आज सहा दिवस झाले.

चालणं बी थांबलं. सकाळी फिरताना बाभळीचा काटा अंगठ्यात गेला, तो मला संध्याकाळी जोडा काढताना कळला. आता बोट काळं पडायलंय. दुखत न्हाई, त्याचंच भ्या वाटतं. वद्य सप्तमीला कुंकवाचा कार्यक्रम ठरलाय, तोवर हे लोक सोडत न्हाईत. मी बी निघत न्हाई. मायला वाचून दाखवताना एवढं गाळ.

तुझा लोभी,
अप्पा

गंगाखेड, मार्गशीर्ष वद्य ४

रा. रा. नागप्पा काका यांस ईश्वरअप्पांची मुलगी नीलम्मा हिचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आपली ओळख नसताना लिहिते, माफी असावी. माझ्या अप्पांना मधुमेह हाय. आपल्या घरचं गोड त्यांना विष हाय. ते सांगणार न्हाईत, कारण सांगितलं तर माझं लग्न मोडंल असं त्यांना वाटतं. त्यांचा पाय पाहा आन् हात जोडून सांगते, त्यांना लगेच परभणीच्या दवाखान्यात न्या. या कारणानं आपणांस सोयरीक मोडायची असंल तर मोडावी.

आपल्या मनात आमच्याविषयी राग नसावा, एवढीच विनंती.
नीलम्मा

परभणी, पौष शुद्ध ३

चि. नीलम्मास अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटीनं वाच, मग मायला हळू सांग. माझा उजवा पाय गुडघ्यापासून काढला. डागदर साहेब म्हणतात, चार दिस आधी आलो असतो तर बोटावर भागलं असतं.

तुझं पत्र नागप्पांनी माझ्याजवळ बसून वाचलं. मग म्हणाले, “ईश्वरअप्पा, एकदा तरी बोलायचं होतं. मी सोताच्या हातानं तुमाला घातलं.” त्यांनीच गाडीत गवत पसरून मला इथं आणलं. तीन दिस बसून होते. चौथ्या दिशी खाली मान घालून सांगितलं, घरच्या बाया तयार न्हाईत, पुढं पोरीला बी हे निघंल म्हणतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना बोल लावला न्हाई. ही खबर आता सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत गेली असंल.

पहिल्या दिशी तुझा राग आला होता. आता सोताचा येतो. खाल्लं ते तुझ्यासाठी म्हणत होतो, आन् तुझंच घर बसायच्या आधी उठवलं. डागदर साहेब म्हणतात, पथ्य सोडू नका. मी मान हलवली. कशासाठी, ते त्यांना विचारलं न्हाई.

सोमवारी मायला घेऊन ये. चादरीकडं पाहून रडू नकोस. इथं कुणापुढं मी रडलो न्हाई, पण तुझ्यापुढं मला आवरायचं न्हाई.

माझ्यावरची माया कमी करू नकोस, एवढंच मागतो.
तुझा अप्पा